'तू' परत करता येतो का?

मराठीत समोरच्याला 'ये' म्हणायचे, 'या' म्हणायचे की 'यावे' म्हणायचे, हे ठरवल्याशिवाय साधे बोलावणेही करता येत नाही. शाळेत हे प्रकरण 'आदरार्थी बहुवचन' एवढ्या दोन शब्दांत आटोपते. प्रत्यक्षात त्या एका प्रत्ययात वय, नाते, हुद्दा, जात आणि ओळख किती जुनी, या सगळ्याचा हिशेब क्षणार्धात उरकलेला असतो.

रॉजर ब्राऊन आणि अल्बर्ट गिलमन या अभ्यासकांनी १९६० मध्ये युरोपीय भाषांतील अशा सर्वनामांवर लिहिताना सत्ता आणि जवळीक असे दोन निकष मांडले होते. नुसता सत्तेचा निकष लावला तर आपल्याकडे आई 'तुम्ही' व्हायला हवी होती. पण ज्या घरांत वडिलांना 'अहो बाबा' म्हणण्याची शिस्त होती, त्याच घरांत ती 'ए आई'च राहिली. देवालाही आपण 'तू'च म्हणतो, आणि जनाबाईने तर विठ्ठलाला सरळ 'अरे विठ्या' म्हणून सुनावले. आता अनेक घरांत वडीलही 'तू' झाले आहेत आणि नवऱ्याला 'अहो' न म्हणता नावाने हाक मारणे शहरांत तरी कोणाला खटकत नाही (सासूबाईंबद्दल मी खात्री देणार नाही).

त्यामुळे अरेतुरे करणे हा मुळातच अपमान आहे, हे मत मला मान्य नाही. ऐकून घेणाऱ्याला तोच 'तू' परत करता येतो का, एवढेच पाहावे. गावगाड्यात वरच्या मानलेल्या जातीचे शेंबडे पोरही दलित म्हाताऱ्याला 'अरे' म्हणे आणि म्हाताऱ्याने मात्र 'जी' म्हणायचे, तेव्हा त्या 'अरे'मध्ये जवळीक शोधणे हा कोडगेपणा ठरेल. महारांनी इतरांसारखा 'रामराम' न करता 'जोहार' घालायचा, अशीच तेव्हाची रीत होती. पुढे त्या जागी 'जय भीम' आले, ज्याच्या प्रसाराचे श्रेय कामठीच्या बाबू हरदास यांना दिले जाते. त्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट म्हणजे त्याचे उत्तरही 'जय भीम' हेच असते. राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, तो योग्यच होता. पण त्या वस्तीतल्या माणसाला 'बस' म्हणायचे की 'बसा', हे कोणत्याही शासन निर्णयात लिहिता येत नाही.

बोलणाऱ्यांना हे सारे पक्के ठाऊक असते, याचा पुरावा आपल्या पळवाटांत सापडतो. रिक्षावाला 'कुठे जायचंय?' असे विचारतो आणि कर्ता गाळून मोकळा होतो. वयाने लहान पण नात्याने मोठ्या जावेला 'चहा घ्यायचा ना?' म्हटले की 'घेतेस' आणि 'घेता' हे दोन्ही टळतात. कालपर्यंत बरोबरीने डबा खाणारा मित्र साहेब झाला, की काही दिवस कचेरीतले सगळे संभाषण याच 'करायचं', 'पाठवायचं', 'बघायचं'वर चालते, आणि मग कोणीतरी एक जण बैठकीपुरते 'सर, तुम्ही' म्हणून कोंडी फोडतो. हा संकोच मला तरी फार सभ्य वाटतो.

याउलट, सर्वांनी एकमेकांना नावाने आणि 'तू' म्हणण्याचा प्रघात असलेल्या आजच्या चकचकीत कचेऱ्यांचे मला तितकेसे कौतुक नाही. तिथे पंचविशीतली मुलगी पन्नाशीच्या संचालकाला 'तू कधी येतोयस?' असे विचारू शकते, हे चांगलेच आहे. पण त्याच मजल्यावर टेबले पुसणारे काका दोघांनाही 'मॅडम, तुम्ही' आणि 'सर, तुम्ही' म्हणत असतात, आणि त्यांना 'तू' म्हणायला मात्र अजून कोणी सांगितलेले नाही.