गिनेसचा गोडबोले: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इंग्लिश नट ॲलेक गिनेसवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, उत्तराला उशीर झाला कारण 'धन्यवाद' टाकून मोकळं व्हावं अशी ती प्रतिक्रिया नव्हती. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. यांचं म्हणणं असं की एवढा लांबलचक लेख लिहिला आणि 1984च्या 'अ पॅसेज टू इंडिया' सिनेमातल्या प्रोफेसर गोडबोलेला एका वाक्यात उरकलं, गोऱ्या नटानं तोंडाला रंग फासून आपला माणूस केला त्याबद्दल अवाक्षर नाही, ही सरळ सरळ गोऱ्यांची भक्ती. दुसरं म्हणजे ज्याला स्वतःचा चेहराच नाही, जो विग आणि खोट्या नाकाआड लपतो तो बहुरूपी, थोर नट कसला. आणि जाता जाता, म्हातारपणी पैशासाठी 'स्टार वॉर्स' केला, हेही.

पहिला मुद्दा मान्य, पूर्ण मान्य. मी त्या भूमिकेपाशी थांबायला हवं होतं आणि थांबले नाही, कारण ती मला आवडत नाही आणि आवडत्या नटाचं नावडतं काम मी भरभर ओलांडून गेले. ते चुकलं.

उलट तुम्ही म्हणता त्याच्याही पुढे जाऊन सांगते. ज्या कादंबरीवरून सिनेमा काढला ती ई. एम. फॉर्स्टर या इंग्लिश लेखकाची, 1924ची, त्यात गोडबोले दख्खनी ब्राह्मण आहेत, म्हातारे, करड्या मिशा, घारे निळसर डोळे आणि युरोपियन माणसासारखा गोरा रंग. आपल्याकडे हे वर्णन वाचून कुणालाही कळेल कुठल्या घरातला माणूस आहे ते. म्हणजे तो सावळा रंग पुस्तकातसुद्धा नाही! तो आला बनवणाऱ्यांच्या डोक्यातून, भारतीय म्हातारा म्हटलं की असाच दिसणार या समजुतीतून. आणि 'नट मिळाला नसेल' असंही म्हणायची सोय नाही हो, दोनच वर्षं आधी 1982च्या 'गांधी'मध्ये आपले डॉ. श्रीराम लागू गोपाळ कृष्ण गोखले होते, रोहिणी हट्टंगडी कस्तुरबा होत्या. याच सिनेमात व्हिक्टर बॅनर्जी आहे, सईद जाफ्री आहे, रोशन सेठ आहे. सगळे आपापल्या चेहऱ्यानं उभे आणि मधेच गिनेस रंग लावून, त्यामुळे तो आणखीच उपरा वाटतो.

पण मला रंगापेक्षाही जास्त लागलं ते वेगळंच. फॉर्स्टर 1921मध्ये देवासच्या थोरल्या पातीच्या महाराजांकडे सेक्रेटरी म्हणून राहिला होता, पवारांचं मराठा संस्थान, तिथला गोकुळअष्टमीचा उत्सव त्यानं डोळ्यांनी बघितला आणि कादंबरीच्या शेवटच्या भागात आणला. तिथे गोडबोले देवळात टाळकऱ्यांच्या पुढे उभे राहून गातात आणि गाण्यात नाव कुणाचं, तर तुकारामाचं. तूच बाप, तूच आई, तूच सगळं. इंग्लिश कादंबरीत ती ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसून राहिले होते. तो माणूस गाताना कसा उभा राहील, मान कुठे हलेल, डोळे कधी मिटतील हे ज्यानं लहानपणी देवळात आजोबांच्या मांडीवर बसून बघितलंय त्याला शिकवावं लागत नाही. गिनेस ते शिकायला गेला, नाच बसवला, आणि दिग्दर्शक डेव्हिड लीननं एडिटिंगमध्ये त्याच्या प्रसंगांना कात्री लावली त्यात तो नाचही गेला. उरला तो एक गूढ म्हातारा, अधूनमधून काहीतरी अगम्य बोलणारा. गोष्टीतल्या म्हाताऱ्या इंग्लिश बाई, मिसेस मूर, निघतात तेव्हा रात्री प्लॅटफॉर्मवर तो हात जोडून उभा असतो तेवढा एक शॉट मला आवडतो, बाकी नाही.

आता दुसरा मुद्दा, इथे मात्र मी तुमच्याशी भांडणार.

'स्वतःचा चेहरा नाही' हे तुम्ही आरोप म्हणून लिहिलंत. या माणसाचं बालपण बघा. जन्म 2 एप्रिल 1914, लंडन, जन्माच्या दाखल्यावर बापाच्या नावाची जागा रिकामी. वडील कोण हे त्याला आयुष्यभर कळलं नाही. त्यानंच आत्मचरित्रात लिहिलंय की चौदा वर्षांचा होईपर्यंत त्याला तीन वेगवेगळी नावं लागून झाली होती आणि जवळपास तीस घरं, लॉज, हॉटेलं झाली होती, प्रत्येक जागा म्हणजे 'आपलं घर' आणि मग आई बिलं थकवून एक दिवस त्याला घेऊन तिथून निघून जायची. मधे काही वर्षं मारकुटा सावत्र बाप. असं पोर काय करतं? दारातून कोण आत येतंय, कसं येतंय, पाय आपटत की हळू, ते बघत बसतं. त्याच्यासाठी हे बघणं म्हणजे जीव वाचवायचं साधन होतं आणि माझ्या मते त्याचा सगळा अभिनय तिथून आलाय. चेहरा नव्हता म्हणून लपला असं तुम्ही म्हणता, मी म्हणते दुसऱ्याकडे इतकं बघणारा नट त्याच्या पिढीत दुसरा नव्हता.

एक जागा जवळून सांगते. 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय', 1957. गिनेस म्हणजे युद्धकैदी झालेला ब्रिटिश कर्नल निकल्सन. त्याला जपान्यांनी उन्हात पत्र्याच्या खुराड्यात कोंडलंय कारण तो आपल्या ऑफिसरांना हमाली करू देत नाही. मग त्याला बाहेर काढतात आणि मैदान ओलांडून कमांडंट साइटोकडे चालत जायचं असतं. बस एवढंच, चालायचं. पाठ ताठ ठेवायची आहे कारण आपली माणसं बघतायत, पण पाय ऐकत नाहीत, गुडघा भलतीकडेच जातो, पाऊल पडेल तिथे पडतं, आणि वर खांदे तेवढे मिलिटरीचे. ती चाल गिनेसनं कुठून आणली माहितीये? त्याच्या मुलाला, मॅथ्यूला, अकराव्या वर्षी पोलिओ झाला होता, कमरेखाली लुळा पडला होता, पुढे बरा होताना तो पुन्हा चालायला शिकला ते बापानं रोज बघितलं होतं. हे मला नंतर कळलं. पण सिनेमा बघताना आधीच माझा मामा आठवला होता, तोही पोलिओवाला, कॅलिपर लावून चालायचा. एसटीतून उतरताना आधी दांडी घट्ट धरायचा, मग कंबर वळवून पाय अक्षरशः फेकायचा, आणि चेहरा असा की काही झालंच नाही, कुणी हात पुढे केला तर राग यायचा. निकल्सनच्या चेहऱ्यावर तेच आहे, बघा. ऑस्कर मिळालं त्याला या भूमिकेसाठी, पण माझ्यासाठी तो अर्धा मिनिट पुरेसा आहे.

आणि नाक, विग वगैरे म्हणाल तर फेगिन घ्या, पोरांना चोऱ्या शिकवणारा ज्यू म्हातारा, 1948चा 'ऑलिव्हर ट्विस्ट'. जुन्या छापील चित्रांवरून ते भलंमोठं नाक बनवलं, ज्यूंच्या कत्तलीला तीन वर्षं झाली होती फक्त. 1949मध्ये बर्लिनमध्ये त्यावरून निदर्शनं झाली, अमेरिकेत सिनेमा 1951मध्ये काटछाट करून लागला. ती चीड योग्यच होती. म्हणजे बघा, फेगिन चित्रावरून काढला आणि गोडबोले 'गूढ हिंदू' नावाच्या चित्रावरून, दोन्हीकडे समोर जिवंत माणूस नव्हता. माझ्या मते गिनेस जिथे चुकला तो तिथे चुकला. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'मधला प्रिन्स फैसलही त्याच यादीत टाका, शेजारी इजिप्तचा ओमर शरीफ उभा असताना तर फारच जाणवतं.

पण नकली नाकच त्याचं भांडवल असतं तर स्मायली या गुप्तहेराचं काय करायचं? 1979, बीबीसी, 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय', सात भाग. तेव्हा तो 65 वर्षांचा, ना विग ना नाक, एक जाड चष्मा आणि ओव्हरकोट. तयारी म्हणून त्याला कुणीतरी खरा माणूस बघायचा होता, तर लेखक ल कारेनं ब्रिटिश गुप्तहेर खात्याचे निवृत्त प्रमुख मॉरिस ओल्डफील्ड यांच्याबरोबर जेवण ठरवून दिलं. गिनेस त्या जेवणात त्यांचे बूट, कफलिंक्स सगळं न्याहाळत बसला होता. मग पडद्यावर बघा, समोरचा खोटं बोलतोय हे स्मायलीला कळलेलं असतं आणि तो काहीही करत नाही, चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलत नाही, तरी आपल्याला कळतं. बहुरूप्याला हे जमत नाही. 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स'मध्ये एका घराण्यातली आठ माणसं एकट्यानं केली, बाईसकट, ती मजा आहेच, पण त्याची खरी ताकद मला तरी या गप्प बसण्यात दिसते.

'स्टार वॉर्स'च्या पैशाबद्दल फार नाही बोलत. फीबरोबर कमाईतला हिस्साही त्यानं ठरवून घेतला आणि त्याला भरपूर मिळालं. बिलं चुकवून पळणाऱ्या आईचा मुलगा तो, तरुणपणी खायचे वांधे असताना जॉन गिलगुड या नामवंत नटानं मदत म्हणून 20 पौंड पुढे केले तर ते स्वाभिमानानं नाकारलेला. स्वतःच्या कामाचे पैसे त्यानं नीट मोजून घेतले तर मला त्यात काही वावगं दिसत नाही.

लेखात गोडबोलेवरचा परिच्छेद आज रात्री जोडते, डॉ. लागूंच्या उल्लेखासकट, आणि तो तुमच्या प्रतिक्रियेमुळे आला असंही तिथे लिहिते. तुम्हाला एकच विनंती, क्वायमधला तो मैदानाचा सीन आवाज बंद करून बघा, चेहरा नको, फक्त पाय बघा. आणि मग इथेच लिहा, मी वाट बघते.