मुंबईत रस्त्यावर खाऊ नका म्हणे!

गेल्या आठवड्यात आमच्या मावसभावंडांच्या ग्रुपवर एक मेसेज पडला. तुमच्याकडेही येऊन गेला असेल, कारण माथ्यावर अनेकदा पुढे ढकलल्याचे ते दोन बाण होते. मजकूर थोडक्यात असा : मुंबईला जाताय तर रस्त्यावर काही खाऊ नका. कारणं पाच. एक, रस्त्यावर खाल्लं की आजार ठरलेला, हॉटेलात तो धोका नसतो. दोन, तळणीचं तेल महिनोन्‌महिने तेच असतं. तीन, वडापाव-पावभाजी हे मुळात आपलं खाणंच नाही. चार, फेरीवाले सगळे बेकायदा. पाच, मुंबईच्या बाजारातली भाजी-मासळी शिळी, ताजं हवं तर मॉल गाठा. खाली हात जोडलेले दोन इमोजी.

पाठवणारा माझा नागपूरचा मावसभाऊ. वयानं मोठा, म्हणून दादा. तो सहकुटुंब मुंबईला येतोय, आणि आल्यावर कुठं काय खायचं हे मी ठरवणार आहे, म्हणून हा इशारा. हाच दादा रोज सकाळी गाडीवर उभा राहून तर्री-पोहे खातो, वर तर्री दोनदा मागून घेतो. पण मुंबईचं नाव काढलं की, ‘काहून खाता बा रस्त्यावर?’ मी पंचवीस वर्षं दादर-परळमध्ये उभ्यानं खातोय. तेव्हा उत्तर देणं मला भाग आहे.

‘रस्त्यावर खाल्लं की आजार, हॉटेलात नाही.’

जंतूंना ऊब लागते, ओल लागते आणि वेळ लागतो. डोक्यावर छत आहे की नाही, याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान अन्न पडून राहिलं की ते वाढतात. आता संध्याकाळी साडेसहाला दादर स्टेशनबाहेर एखाद्या चालत्या गाडीपाशी उभे राहा. भाजीचे गोळे ताटात रचून ठेवलेले, डाळीच्या पिठाच्या पातेल्यात हात मनगटापर्यंत बुडालेला. एका घाण्यात वीस-बावीस वडे. तेल १७०-१८० अंशांच्या घरात. झाऱ्यानं निथळून परातीत पडलेला वडा पाच मिनिटंही तिथं राहत नाही. शेजारचा पोरगा पाव फाडतो, सुकी लसणीची चटणी भुरभुरतो, वडा दाबतो आणि दुसऱ्या हातानं सुटे पैसे मोजतो. या वड्यात जंतूनं राहायचं कुठं? राहायचंच असेल तर त्याला शेजारी हिरव्या चटणीचा डबा आहे : कच्ची कोथिंबीर, नळाचं की पिंपाचं कोण जाणे असं पाणी, दुपारपासून उघडा. आणि हो, ते सुटे पैसे मोजणारे हात.

म्हणजे एकाच गाडीवर, एकाच वडापावात, धोक्याची आणि बिनधोक अशा दोन्ही वस्तू असतात. मी सुकी चटणी घेतो, हिरवी नको म्हणतो. त्यासाठी गाडीच सोडायची गरज मला कधी पडली नाही. पाणीपुरीचं मात्र वेगळं. तिथं सगळा खेळ पाण्याचा आणि त्यात बुडणाऱ्या हाताचा. टायफॉइड आणि काविळीचे ए व ई हे प्रकार दूषित पाण्यातून येतात. पावसाळ्यात मी पाणीपुरी खात नाही. दादाचा मेसेज एवढंच म्हणाला असता तर मीच तो चार जणांना पाठवला असता.

चायनीजच्या गाडीचंही तसंच, फक्त तिथली गोम कमी लोकांना ठाऊक असते. दुपारी शिजवून पातेल्यात ठेवलेला भात रात्री नऊला धगधगत्या कढईत परतून मिळतो. वाफा निघतात, आपल्याला वाटतं सगळं मेलं. पण अशा कोमट भातात बॅसिलस सिरियस नावाचा जंतू जे विष तयार करतो, ते परतून जात नाही. जंतू मरतो, विष राहतं. बरं, हाच भात एसी हॉटेलाच्या मुदपाकखान्यातही सकाळी शिजून ठेवलेला असू शकतो. गाडीवरचं पातेलं मला निदान दिसतं. हॉटेलातलं दिसत नाही.

माझं स्वतःचं पोट आयुष्यात दोनदाच असं बिघडलं की सलाइन लावावं लागलं. एकदा एका मोठ्या हॉटेलातल्या लग्नात, बुफेच्या भांड्याखालची ज्योत विझून गेली होती आणि कोळंबीचं कालवण कोमट झालं होतं. दुसऱ्यांदा ऑफिसच्या पार्टीत, मेयोनेज घातलेलं सॅलड. दोन्हीकडे टेबलावर पांढरीशुभ्र चादर होती. आता दोन अनुभवांवरून मी हॉटेलांविरुद्ध मेसेज काढत नाही, इतकंच.

मुंबईतला या बाबतीतला सगळ्यात गाजलेला व्हिडिओ आठवतो? मार्च २०१९, कुर्ला स्थानक, लिंबू सरबताच्या स्टॉलच्या छपरावरचा माणूस टाकीत हात बुडवतोय. त्यानंतर मध्य रेल्वेनं आपल्या स्थानकांवर सुटं लिंबू सरबत, काला खट्टा विकायला बंदी घातली. तो फूटपाथवरचा फेरीवाला नव्हता. फलाटावरचा रीतसर स्टॉल होता.

बर्फाचं एक सांगून ठेवतो, कारण सरबत-गोळ्यात खरी मेख तिथंच असते. मासळी वगैरे थंड ठेवायचा बर्फ पिण्याच्या पाण्याचा असेलच असं नाही. म्हणून २०१८ साली महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानं खाण्याजोगा नसलेल्या बर्फात निळा रंग घालणं सक्तीचं केलं. लादी निळसर दिसली तर गोळा नको. पांढरी दिसली तरी मी जरा विचारच करतो.

‘तेल महिनोन्‌महिने तेच.’

महिनोन्‌महिने कसं असेल? जोराचा धंदा असलेल्या गाडीवर वडेच इतकं तेल पिऊन जातात की रोज नवं ओतावंच लागतं. पण जुन्यात नवं ओतत राहणं ही खोड आहे, आणि ती वाईट आहे. तापवून तापवून तेलात जी ध्रुवीय संयुगं साठतात, त्यांची मर्यादा अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २५ टक्के ठरवली आहे, जुलै २०१८पासून. मोजायला यंत्र लागतं. आपल्याजवळ डोळे आहेत : काळपट झालेलं, वर फेस धरणारं, वडा सोडायच्या आधीच धुरकटणारं तेल दिसलं की पुढच्या गाडीवर जायचं. गंमत म्हणजे, दिवसाला ५० लिटरच्या वर तेल जाळणाऱ्यांनी वापरलेल्या तेलाच्या नोंदी ठेवाव्यात असा जो नियम आहे, तो मोठ्या खाद्यगृहांना, फरसाणवाल्यांना लागतो. कोपऱ्यावरच्या गाडीचा तेवढा खपच नसतो.

आणि मेसेज लिहिणाऱ्याच्या नजरेतून जे सुटलं, ते मीच भर घालतो : वर्तमानपत्राचा कागद. गरम, तेलकट भजी छापील कागदावर ठेवली की शाई अन्नात उतरते. यावर बंदी आहे आणि ती कुणी पाळत नाही. मी घरून स्टीलचा डबा नेतो. लोक हसतात, हसू देत.

‘हे आपलं खाणंच नाही.’

यावर फार वेळ घालवत नाही. बटाटा आणि पाव हे दोन्ही शब्द पोर्तुगीजांकडून आले, कबूल. वडापाव १९६६च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांच्या गाडीवर सुरू झाला असं मानतात, म्हणजे तो दादाहून फार मोठा नाही. पण दादा, तुझ्या एकादशीच्या खिचडीतला साबुदाणा ज्या कंदाचा, तो कंद, शेंगदाणा, बटाटा आणि मिरची ही चारही अमेरिका खंडातून आली. उरलं काय, तूप, जिरं आणि मीठ. त्यावर कर उपास.

‘फेरीवाले सगळे बेकायदा.’

इथं मेसेज अर्धा बरोबर आहे, पण जिथं बरोबर आहे तिथं दोष गाडीवाल्याच्या माथी मारून मोकळा होतो. रस्त्यावर धंदा करणं हा वाजवी बंधनांसह मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८९ साली सोदान सिंग खटल्यात सांगितलं. २०१४ साली संसदेनं पथविक्रेत्यांसाठी कायदाच केला. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचं, दर पाच वर्षांनी पाहणी करायची, नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के सभासद विक्रेत्यांचेच निवडून आणायचे आणि पाहणी पूर्ण होईपर्यंत कुणाला हुसकायचं नाही.

मुंबईत घडलं काय? महापालिकेनं नवे परवाने देणं १९७०च्या दशकाच्या अखेरीसच थांबवलं होतं. म्हणजे माझ्या कॉलेजच्या दिवसांत गाडी टाकणाऱ्यानं परवाना मागितला असता तरी मिळाला नसता. २०१४च्या पाहणीत नव्वद हजारांहून जास्त अर्ज आले. विक्रेता समितीची निवडणूक व्हायला २०२४चा ऑगस्ट उजाडला आणि मतदार यादीत नावं होती सुमारे ३२ हजार. दाराला कुलूप घालायचं आणि भिंतीवरून उडी मारणाऱ्याला चोर म्हणायचं, असा हा प्रकार. दरम्यान परवाना नाही म्हणून जो हप्ता जातो, तो कुठल्याच पावतीवर येत नाही.

मात्र रेल्वे स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाले नकोत हेही न्यायालयाचंच म्हणणं आहे, आणि एल्फिन्स्टन रोड (आताचं प्रभादेवी) स्थानकाच्या पादचारी पुलावर २०१७च्या सप्टेंबरात २३ माणसं चेंगरून गेल्यावर त्या म्हणण्याला उत्तर द्यायला माझ्याकडे शब्द नाहीत. माझी आवडती गाडी त्या १५० मीटरांच्या आत आहे. ती उद्या उठली तर मला वाईट वाटेल, पण ती पलीकडच्या गल्लीत का बसवली नाही, हा माझा प्रश्न पालिकेला असेल.

‘भाजी-मासळी शिळी, मॉलमधली ताजी.’

भाजीचा घाऊक बाजार १९९६मध्ये मुंबईतून वाशीला गेला. तेव्हापासून दादरच्या टोपलीतला आणि मॉलच्या थंड कपाटातला फ्लॉवर बहुतेक वेळा त्याच बाजारातून निघालेला असतो. टोपलीतला सकाळी येऊन संध्याकाळपर्यंत संपतो. कपाटातला उद्यापर्यंत वाट बघू शकतो, म्हणूनच तो कपाटात आहे. शिवाय पहिल्या पावसानंतर पालघर-कर्जतकडून पहाटेच्या गाडीनं येणाऱ्या बायका दादरच्या पुलाखाली शेवळं, फोडशी, टाकळा अशा रानभाज्या मांडून बसतात. शेवळांबरोबर काकडं नावाची आंबट फळं देतात, कारण त्यांच्याशिवाय शिजवली तर घसा खाजतो. मॉलमध्ये शेवळंच नाहीत, तर काकडं कुठून?

मासळीचं उत्तर बाजारात उभं राहूनच मिळतं. ससून डॉक १८७५चा. पहाटे तिथं आणि भाऊच्या धक्क्यावर लिलाव होतो, तीच मासळी नऊपर्यंत कोळणींच्या पाट्यांवर येते. पाटीसमोर उभं राहून कल्ला उचलायचा, लाल दिसला पाहिजे. डोळा फुगीर आणि काचेसारखा हवा. पापलेट कल्ल्यापाशी दाबलं की पांढरं पाणी यावं. तांबूस आलं तर परत ठेवायचं. कोळीण कुरकुरते, पण दाबू देते. मॉलमध्ये तो मासा प्लॅस्टिकच्या आवरणात, तुकडे करून ठेवलेला. कल्लाच नाही, बघणार काय?

पावसाळ्यात मात्र जरा सावध. जून-जुलैत आपल्याकडे यांत्रिक बोटी बंद असतात आणि पूर्व किनाऱ्यावरची बंदी १४ जूनला संपते. जुलैत पाटीवर मोठालं पापलेट दिसलं तर ते बर्फात बसून लांबचा प्रवास करून आलेलं असण्याचीच शक्यता जास्त. त्या दोन महिन्यांत आमच्याकडे सुके बोंबील आणि सोडे.

दादा शनिवारी सकाळी विदर्भ एक्सप्रेसनं दादरला उतरतोय. हे सगळं मी ग्रुपवर टाकलं, त्यावर त्याचा एक अंगठा आला. रात्री वेगळा मेसेज : ‘वहिनीले पाणीपुरी खायची हाय. चालते का?’ मी कळवलं, घरी करतो.