फुलदाणीचं माहेर

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये, असं शहाण्यांनी सांगून ठेवलंय. त्या यादीत बोहेमियाची फुलदाणी घालायची राहून गेली आणि माझ्यासारखे लोक कामातून गेले. घरचे विचारतात, "हिच्यात फुलं कधी ठेवणार?" मी म्हणतो, "आधी ही कुणाची ते तर कळू दे." एकदा वाक्य तोंडात बसलं की दहा-बारा वर्षं सहज पुरतं.

बोहेमिया म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाचा पश्चिम भाग, 1918 पर्यंत ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातला. 1900 च्या आसपास तिथे मोरपिसासारखी झळाळणारी काच फुंकणारे इतके कारखाने होते की एकाची नक्कल दुसरा करायचा आणि दुसऱ्याची तिसरा. त्यातलं खानदानी घराणं लोट्झ, शुमावाच्या जंगलातल्या क्लाश्तेर्स्की म्लीन गावचं. कंपनीचं पूर्ण नाव 'योहान लोट्झ विटवे', म्हणजे 'योहान लोट्झ यांची विधवा'. 1879 मध्ये नातू माक्स फॉन श्पाउन याने कारभार हाती घेतला आणि 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात ग्रां प्री हे मोठं बक्षीस मिळवलं, तरी पाटीवर आजीच राहिली. विकणाऱ्याला प्रत्येक चमकती फुलदाणी याच घरची वाटते. अगदीच धीर झाला नाही तर तो 'लोट्झसारखी' म्हणतो. 'मुलगा कलेक्टरसारखा दिसतो' या माहितीवर मुलगी देण्याइतकाच हा व्यवहार भरवशाचा.

नवखा माणूस फुलदाणी उलटी करतो ती सही शोधायला. पण लोट्झच्या बहुतेक वस्तूंवर सहीच नाही. बाहेरदेशी जाणाऱ्या काही मालावर 'लोट्झ ऑस्ट्रिया' कोरलेलं सापडतं, कारण अमेरिकेने 1890 मध्ये कायदा करून आयात मालावर देशाचं नाव घालायला लावलं. म्हणजे सही नाही म्हणून खोटी नाही, आणि सही आहे म्हणून खरी तर मुळीच नाही. क्रालिक या दुसऱ्या कारखान्याची बिनसहीची चांगली फुलदाणी घ्यायची, विजेच्या कोरणीने तळाशी दोन शब्द खरडायचे आणि किंमत वाढवायची, हा जुना धंदा आहे. दहापट भिंगातून पाहिलं की अशा कोरणीची रेघ सलग नसते. एकापुढे एक ठिपके मारत गेल्यासारखी, कडेला पांढरी भुकटी धरलेली दिसते. दुसरं पाहायचं ते ओरखड्यांचं. जुन्या सहीवरून झिजेचे ओरखडे गेलेले असतात, नव्या सहीने जुने ओरखडे कापलेले असतात. सही तळाच्या खोलगट भागात असली तर मात्र हा उपायही गेला, तिथे झीज पोहोचतच नाही.

तळ वाचायला शिकणं हीच यातली खरी बाराखडी. काठ घडवताना गरम फुलदाणी तळाकडून एका लोखंडी सळईला चिकटवून धरतात. काम झालं की सळई तोडून काढतात आणि तिथे खपली राहते. ती तशीच ठेवली तर बोटाला खरखरीत लागते, घासून पॉलिश केली तर गुळगुळीत वाटोळी खळी होते. लोट्झमध्ये बहुधा खळी सापडते. पण ती इतर कारखान्यांतही सापडते, त्यामुळे खळी बघून उड्या मारू नयेत. (मारल्याच तर फुलदाणी आधी खाली ठेवावी.) झीज फक्त जिथे तळ टेबलाला टेकतो त्या कडेलाच हवी, आणि ओरखडे लहानमोठे, हव्या त्या दिशेने गेलेले हवेत. सगळे एकाच दिशेने, समांतर, आणि तेही न टेकणाऱ्या भागात असतील, तर ते काळाने नाही, सँडपेपरने केलेले असतात.

मग तो प्रसिद्ध रंगीत झळाळ. तापलेल्या काचेवर कथलाच्या क्षाराची, म्हणजे टिन क्लोराइडची, वाफ किंवा फवारा दिला की पृष्ठभागावर अतिशय पातळ थर बसतो आणि त्यात रंग खेळतात. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! हा थर वरवरचा असतो, त्यामुळे भांडी घासायची पावडर, चिंच, काथ्या यांना फुलदाणीच्या खोलीत प्रवेश नाही. कोमट पाणी, दोन थेंब सौम्य साबण, सिंकमध्ये खाली जाड टॉवेल, आणि बोटातली अंगठी काढलेली.

आत पांढुरकं दिसलं तर रोग कोणता ते ओळखायला लागतं. पाण्याचे क्षार असतील तर पातळ व्हिनेगर आत काही तास ठेवून निघतात. सोनेरी काम आणि एनॅमल यांना मात्र तो लागू द्यायचा नाही. पण वर्षानुवर्षं पाणी साठून काचच कुजली असेल तर ओली असताना स्वच्छ आणि वाळली की पुन्हा ढगाळ, हे चक्र संपत नाही. काही विकणारे आतून तेलाचा हात फिरवतात, दुकानात काच आरशासारखी दिसते. म्हणून पैसे मोजण्याआधी साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून बघू द्या म्हणावं. दुकानदाराचा चेहराही तेव्हाच वाचून घ्यावा.

अतिनील टॉर्च हा या छंदातला सगळ्यात निरुपयोगी आणि सगळ्यात आनंददायी खर्च. अंधारात काच हिरवी पेटली की युरेनियम आहे एवढं कळतं. बोहेमियात रीडेल घराण्याने 1830 च्या दशकात असली पिवळी-हिरवी काच काढून तिला आना नावाच्या घरच्या बाईचं नाव दिलं. पण युरेनियम इंग्लंड-अमेरिकेतही वापरत, त्यामुळे गाव कळत नाही. निओडिमियम नावाचा धातू घातलेली काच त्याहून लबाड. मोझरची 1929 ची 'अलेक्झांड्रिट' दिवसाउजेडी फिकट जांभळी, ट्यूबलाइटखाली निळसर. दोन फुलदाण्या घेतल्या असं समजून घरात भांडण होण्याइतका फरक पडतो.

हा मोझर म्हणजे 1857 मध्ये कार्लोव्ही व्हारीत धंदा काढलेला लुडविग मोझर. व्हिएन्नाचा चित्रकार कोलोमान मोझर वेगळाच. त्याचे आराखडे बाकालोविट्स या व्हिएन्नाच्या पेढीकडून जायचे आणि त्यातले काही फुंकायची लोट्झ. म्हणजे 'मोझर' म्हणून विकलेली वस्तू लोट्झची असू शकते, आणि 'लोट्झ' म्हणून विकलेली बहुतेकदा लेनोराच्या क्रालिकची, नाहीतर तेप्लित्सेजवळच्या कोश्त्यानीची निघते. तिथे पाल्मे-क्योनिग हे कारखानदार काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे गुंडाळायचे आणि शेजारी रिंडस्कोफ होते. आडनावाचा अर्थ गुराचं डोकं. माझं डोकं त्यांच्याच फुलदाण्यांनी जास्त फिरवलंय. त्यात हैडा आणि स्टाइनश्योनाऊ इथल्या सजावटकारांनी दुसऱ्यांकडून कोरी काच विकत घेऊन रंगवली. माहेर एका गावी, सासर दुसऱ्या, आणि लग्नाची नोंद कुठेच नाही.

खात्रीचा रस्ता म्हणावा असा एकच. लोट्झने आकारांचे कागदी नमुने कापून ठेवले होते, अर्ध्या बाजूचे, उत्पादन क्रमांकासह. त्यातले बरेच उरले आणि छापून आले. त्यांच्याशी जुळवायला उंची, काठ आणि तळ यांची मापं मिलिमीटरमध्ये घ्यावीत. फोटो फुलदाणीच्या मध्याच्या पातळीवरून, दोन मीटर लांबून, झूम करून काढावा. जवळून काढला तर मोबाइल तिचं पोट सुटलेलं दाखवतो. हाती फुंकलेल्या काचेत चार-पाच मिलिमीटर इकडेतिकडे चालतात. दोन सेंटिमीटर कमी भरली तर काठाचा टवका घासून तिला बुटकी केली का, ते बघावं: आगीत वितळवलेला काठ गोल असतो, घासलेला सपाट. आणि नुसती नक्षी जुळून भागत नाही, आकारही जुळायला हवा, कारण नक्षी सगळेच चोरायचे.

एवढं करून माझ्या कपाटातल्या चिठ्ठ्यांवर 'बहुधा क्रालिक' असं पेन्सिलीने लिहिलेलं असतं. शाईने लिहिण्याची हिंमत होत नाही. खोडरबर दर वर्षी नवा लागतो.