अत्तारला का वगळलं?

इराणमधलं निशापूर ‘मशहद शहरातून अर्ध्या दिवसात उरकतं’ हे निशापूरवरच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. आम्हीही तसंच ठरवून गेलेलो, पण कवी उमर खय्यामच्या त्या उंच पांढऱ्या स्मारकाखाली (१९६३ चं, हुशंग सेहूनचं डिझाइन) निळ्या टाइल्सवरच्या त्याच्याच रुबाया (चार ओळींच्या कविता) बघत इतका वेळ गेला की सूफी कवी अत्तारची कबर जवळच असून घाईत बघावी लागली, त्याची हळहळ अजून आहे. लेखात तर अत्तारचं नावच नाही! तिथेच चित्रकार कमाल-उल-मुल्कचीही कबर आहे.

तिथल्या पिरोज्याबद्दल (निळसर रत्न) मात्र लेखात बरोबर लिहिलंय, फक्त एक सांगायचं राहिलं, घाम, तेल, परफ्यूम लागलं की खऱ्या पिरोज्याचा रंग हिरवट पडतो, माझ्या आईच्या अंगठीचं तेच झालं, त्यामुळे भांडी घासताना काढून ठेवा प्लीज.