उसाची ट्रॉली

पाचवीच्या स्कॉलरशिपला आमच्या घरातनं तिघं बसले होते. हॉल तिकीट मात्र एकीचंच आलं, माझ्या लेकीचं, ओवीचं. बाकीचे दोघं म्हणजे मी आणि माझी आई. बायको सुपरवायझर होती.

माझं या परीक्षेकडं जुनं येणं बाकी आहे. आमच्या वेळी ती चौथीला असायची, 2016-17 पासून पाचवीला नेली होती, 2025-26 पासून परत चौथीला आणली. मी चौथीला बसलो होतो. निकालाच्या दिवशी वडिलांनी यादी आधी वरनं खाली वाचली, मग खालनं वर वाचली आणि घरी येऊन एवढंच म्हणाले, "अक्षर बरं आहे ह्याचं." त्या अक्षरावर मी आज मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशोब लिहितो. पोत्यांच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीचे हिशोब, तोंडी करणारा माणूस मी. पाचवीचं गणित मला काय करणार, असं जूनमध्ये वाटत होतं.

पेपर दोन. पहिल्यात मराठी आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता. प्रत्येक पेपरला 75 प्रश्न, 150 मार्क आणि 90 मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला 72 सेकंद. बायकोनं पहिल्याच दिवशी मोबाइलवर 72 सेकंद लावून दाखवले. तेवढ्यात ओवीचं खोडरबरसुद्धा सापडलं नाही.

सुरुवात मराठीनं केली. म्हटलं, मातृभाषा आहे, पोरीचा हुरूप वाढेल. समूहदर्शक शब्द.

"भाकऱ्यांची?"

"चवड." हे आजीमुळं.

"आंब्यांची?"

"अढी."

"उसाची?"

"ट्रॉली."

मी पुस्तक बघितलं. मोळी. म्हटलं, "मोळी गं."

"मोळी कुठं बघितलीस तू?"

खरंच, कुठं बघितली? दिवाळीनंतर सांगलीच्या कुठल्याही रस्त्यावर उभं राहा. पुढं ट्रॅक्टर, मागं एकाला एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या, त्यावर कॅबिनच्याही वर गेलेला ऊस आणि टेपवर गाणं. त्या उसाला मोळी म्हणायचं म्हणजे हत्तीला पिल्लू म्हणण्यासारखं. पण पुस्तकात मोळी होती, म्हणून मी "मोळीच" असं दरडावून सांगितलं. "द्राक्षांचा?" विचारल्यावर तिनं "क्रेट" म्हटलं, तेव्हा आमच्या मातोश्री आतनं म्हणाल्या, "पोरगी बरोबर बोलायलीय की. घोस काय, घड काय, बाजारात क्रेटच मोजत्यात." मी मराठी बंद करून गणित काढलं.

गणितात मी जास्त मार खाल्ला. एका व्यापाऱ्यानं 50 किलो कांदे 1000 रुपयांना घेतले, 24 रुपये किलोनं विकले, तर नफा किती? ओवीनं 200 सांगून पर्यायाचा गोल रंगवायला घेतला. मी तिचा हात धरला. "थांब. हमाली कुठाय? तोलाई? गाडीभाडं? कांद्याला घट येते, ती कोण धरणार?" कागद घेऊन मी तिला व्यवस्थित काढून दाखवलं, की हा माणूस तोट्यात आहे, आणि असाच धंदा केला तर पुढच्या सीझनला दुकान विकणार आहे. पर्यायांत तोटा नव्हताच. ओवी समजुतीच्या सुरात म्हणाली, "पप्पा, पुस्तकातला माणूस हमाली देत नाही. तो स्वतः उचलतो."

रीमची गोष्ट तशीच. 24 कागदांचा एक दस्ता, 20 दस्त्यांचा एक रीम, म्हणजे 480 कागद. हे तिनं घोकून पक्कं केलं होतं. सरावाच्या उत्तरपत्रिका काढायला हरभट रोडवर एक रीम आणायला गेलो, तर पुड्यावर 500 छापलेलं. ओवीनं काउंटरवरच दुकानदारांना सांगितलं, "काका, वीस कागद जास्त आलेत," आणि मोजून परत द्यायला बसली. मागं गिऱ्हाईकं खोळंबली होती. दुकानदारांनी माझ्याकडं बघितलं. हिशोबनीस म्हणून मला तिथं ओळखतात, म्हणून मी छताकडं बघितलं.

मग मी ठरवलं, की पुस्तकातली गणितं पोरीला परकी वाटतात, तर आपल्या गावची घालू. ऑगस्टचा महिना होता, आठवडाभर झड लागलेली. आम्ही सांगलीच्या नदीकाठच्या गावभागात राहतो. आमच्याकडं पोरं फूट-इंच पट्टीवर शिकत नाहीत, कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर शिकतात. पुलाजवळ 40 फूट म्हणजे इशारा पातळी, 45 म्हणजे धोका, हे ओवीला तिच्या जन्मतारखेइतकं पाठ आहे. मी खणखणीत आवाजात गणित घातलं, "आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फुटांवर आहे. तासाला 3 इंच वाढतंय. 45 फूट व्हायला किती तास लागतील?"

ओवी बोटं मोजत होती. मी म्हटलं, "आधी फुटाचे इंच कर. पाच फूट म्हणजे साठ इंच."

"भागिले तीन... वीस तास!"

"शाब्बास! वीस तासांत 45!"

शाब्बासकीच्या नादात स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली हे माझ्या ध्यानात आलं नाही. आमच्या आईनं 2005 चा महापूर बघितलाय, 2019 चा बघितलाय, 2021 चा बघितलाय. 2019 ला पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा तिची लोणच्याची बरणी गेली होती. ते दुःख तिनं अजून कुणाला माफ केलेलं नाही. अर्ध्या तासानं मी पाणी प्यायला उठलो तर गव्हाचा डबा जिन्याच्या चौथ्या पायरीवर, देव टोपलीत आणि बरणी पोटाशी धरून आई माळ्याच्या वाटेवर.

"आई, काय चाललंय?"

"वीस तास म्हणालास न्हवं? म्हंजे उद्या संध्याकाळपतूर हाय टाइम. पर मारुती चौकात आधी शिरतंय."

"अगं, गणित घातलं होतं पोरीला!"

"कुणी घातलं, कोयनेवाल्यांनी?"

तोवर तिनं खिडकीतनं शेजारच्या काकूंना सांगितलं होतं आणि काकूंनी त्यांच्या जावयाला फोन केला होता. जावई टेम्पो घेऊन आला. गल्लीत दोन फ्रिज आणि एक शिलाई मशीन रस्त्यावर निघालं. मी प्रत्येकाच्या दारात जाऊन "पाचवीचं गणित होतं" असं सांगत हिंडलो. एका आजोबांनी शांतपणे विचारलं, "पण तासाला तीन इंचच का धरलेत? सोडलेलं पाणी पोचलं की जास्त वाढतं." त्या रात्री नदी पात्रात निवांत वाहत होती. गव्हाचा डबा मात्र दिवाळीपर्यंत चौथ्या पायरीवरच होता. आई म्हणाली, असू दे, परत कोण चढवणार.

बुद्धिमत्तेबद्दल फार बोलत नाही. फोटोतल्या बाईकडं बोट दाखवून रमेश म्हणतो, "हिच्या आईची एकुलती एक मुलगी ही माझी आई आहे," तर ती बाई त्याची कोण? मी आत्या म्हणालो, बायको मावशी म्हणाली. उत्तर आई. ओवीनं विचारलं, "मग सरळ आई का म्हणत नाही? भांडण झालंय का त्यांचं?" रांगेत डावीकडून आठवा आणि उजवीकडून तेरावा असलेल्या पोराच्या रांगेत मी 21 मुलं भरली. पुस्तकात 20 होती. तो एकच पोरगा मी दोनदा मोजला होता. तीस वर्षांपूर्वीही हाच असणार.

जानेवारीत एका रात्री सगळे झोपल्यावर मी गुपचूप मोबाइलवर 90 मिनिटं लावली आणि अख्खा पहिला पेपर सोडवला. काळ्या बॉलपेननं गोल भरले. सकाळी ओवीनं उत्तरपत्रिका पकडली आणि तपासायला बसली. माझी छाती धडधडत होती, खोटं कशाला सांगू. ती म्हणाली, "पप्पा, तेरावा प्रश्न सोडलास तू, पण गोल सोडला नाहीस. चौदाव्याचं उत्तर तेराव्यात गेलंय, तिथनं खाली सगळी एकेक घर सरकलीत." 75 पैकी 19. आईनं विचारलं, "पास झाला का?" बायको म्हणाली, "अक्षर बरं आहे."

फेब्रुवारीतल्या रविवारी परीक्षा झाली. गेटच्या बाहेर दोनशे आईबाप उन्हात उभे राहून एकमेकांना लसावि विचारत होते. पेपर सुटल्यावर ओवी बाहेर आली ती सरळ भडंगाच्या गाडीकडं. मी धीर धरून विचारलं, "मराठीत काय आलं होतं?"

"उसाची आली होती."

"मग?"

"पर्यायात ट्रॉली नव्हती. म्हणून मोळी केली." मूठभर भडंग तोंडात टाकून ती पुढं म्हणाली, "पप्पा, वरच्या मजल्यावरची ताई सांगत होती, आठवीच्या स्कॉलरशिपला काही प्रश्नांची दोन-दोन उत्तरं बरोबर असतात."

"असतात. दोन्ही गोल भरावे लागतात."

"मग तेव्हा धरतील का ट्रॉली?"

पुडीतले उरलेले दाणे मी तिच्या हातावर ओतले आणि यार्डात देतो तेच उत्तर दिलं, "बघू, तेव्हा काय भाव निघतोय."