‘साधं गणित’ सांगणाऱ्या वाचकाला

‘वर्षं कुठं गेली?’ या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत, "दहा वर्षांच्या पोराला एक वर्ष म्हणजे आयुष्याचा दहावा हिस्सा, साठीच्या माणसाला साठावा. म्हणून ते लवकर सरतं. साधं गणित आहे, त्यासाठी गड्ड्याच्या आठवणी उगाळत बसायची गरज नाही." शिवाय गड्ड्यातल्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतल्या, अक्षता सोहळ्याचा दिवस चुकलाय, लेख लांबलाय, वगैरे.

अक्षतेचं खरं आहे. सोहळा भोगीला असतो, मी संक्रांतीला लिहिला. सोलापूरकराच्या हातून हे व्हायला नको होतं. दुरुस्त केलंय. बाकीच्याचं राहू द्या.

पण ‘उगाळत बसायची’? पटलं नाही म्हणा, माझी हरकत नाही. समोरचा साठी ओलांडलेला आहे हे तुम्हाला लेखातच कळलं होतं. घरातल्या मोठ्यांशीही असंच बोलता का?

आता गणित. ते तुमचं नाही. पॉल जाने या फ्रेंच तत्त्ववेत्त्यानं ते १८७७ साली मांडलं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सनं १८९० मध्ये त्याचा उल्लेख केला आणि तिथंच सांगितलं, की यानं कारण उलगडत नाही. आठवणींत तोचतोपणा येतो म्हणून वर्षं आखडतात.

जेम्स राहू दे, माझं ऐका. पंचविशीपासून सव्वीस वर्षं मी अक्कलकोट रोडला चादरीच्या कारखान्यात माग चालवला. तीच पाळी, तोच खडखडाट, धागा तुटला की जोडायचा. आज ती सव्वीस वर्षं आठवायला बसलो तर पाच-सहा दिवस हाती लागतात. एक्कावन्नाव्या वर्षी कारखाना बंद पडला आणि भिवंडीला गेलो. आठ महिने. अनोळखी गल्ल्या, दहा माणसांत एक खोली, रात्री बायकोचा फोन, पहिल्या पगाराला घेतलेलं छोट्या नातीचं झबलं. त्यातला एकेक दिवस मला सांगता येतो. तुमच्या हिशेबानं एक्कावन्नाव्या वर्षीचा महिना पंचविशीतल्या महिन्याच्या निम्मा वाटायला हवा होता. मला ते आठ महिने त्या सव्वीस वर्षांहून मोठे वाटतात.

गड्डा लेखात आला तो यासाठीच. लहानपणी दरवर्षी पाळणा नवा, मिरवणुकीतले नंदीध्वज नवे. आता यात्रेला होम मैदानावर जातो, तेव्हा मागच्या वर्षीचा गड्डा काल झाल्यासारखा वाटतो.

उत्तर द्यायचं असेल तर त्या आठ महिन्यांचं द्या. दहावा-साठावा हिस्सा मला ठाऊक आहे.