आधारवर कितलं, आंगवर कितलं

मनगटावरची पट्टी शेवटी काल रात्री कात्रीने कापली. दोन दिवस निघतच नव्हती, त्या प्लॅस्टिकचं एवढं काय मजबूत असतं देव जाणे, तेवढं आमच्या गल्लीतल्या डांबरात असतं तर बरं झालं असतं. ऑफिसात बाही खाली ओढून बसलो होतो. तरी आमच्या शिपायाने चहा ठेवताना बघितलीच आणि म्हणाला, "साहेब, हॉस्पिटलात होते का?" हो म्हणालो. खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

झालं असं की संक्रांतीनंतरच्या रविवारी आम्ही पाच जण, मी, बायको, दोन पोरं आणि आई, एका कृषी पर्यटन की काय म्हणतात तसल्या पार्कात गेलो. जळगावहून धुळ्याच्या रस्त्याला, पारोळ्याच्या पुढे कुठेतरी आत. बैलगाडी, झोके, झिपलाइन, रेन डान्स, दुपारी भरीत पार्टी. मोठ्यांना सातशे, सिनिअरला साडेचारशे, लहानांना पाचशे. खिडकीतल्या पोराने आधी आईकडे पाहिलं. आई चौऱ्याहत्तरची, पण केस अजून अर्धे काळे आणि आधार कार्ड घरी कपाटात. "आधार नाही तर फुल तिकीट," पोरगा म्हणाला. ठीक आहे, नियम म्हणजे नियम. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. म्हणजे नीट पाहिलंच नाही, जेमतेम अर्धा सेकंद मान वर केली, टकटक केलं आणि माझ्या मनगटावर पिवळी पट्टी चिकटवली. आईला निळी. मला वाटलं पिवळी पुरुषांची असेल. आत आल्यावर पोरीने वाचून दाखवलं, "पप्पा, यावर सिनिअर सिटीझन लिहिलंय."

मी परत गेलो. रांग मोडून गेलो म्हणून लोकांनी बोलणी घातली ती वेगळीच. पोराला म्हटलं, अरे बाबा मी अठ्ठेचाळीसचा आहे.

"सर आता सिस्टिमला टाकलं. रिफंड नाही होत."

"मला रिफंड नकोय. मला अडीचशे रुपये जास्त द्यायचेत."

"सर तो ऑप्शनच नाहीये."

आणि मला आधार मागितलं नाही हां. आईला मागितलं, मला नाही. माझ्या बाबतीत पुराव्याची गरजच नव्हती, हे जे आहे ना ते मला अजून खुपतंय. केस पांढरे आहेत, मान्य. पोटही आहे. पण माणूस एकदा विचारतो तरी.

पुढचं सांगायची गरज नाही. पिवळ्या पट्टीला झिपलाइन नाही, रेन डान्स नाही, मोठा झोका नाही. झोक्यावरच्या मुलाने तर "आजोबा, हळू" म्हणत मला दंडाला धरून बाजूला केलं आणि माझा मुलगा, ज्याच्या शाळेची फी मी भरतो, तो जमिनीवर बसून हसला. पिवळ्यांसाठी लिंबाखाली बाकं टाकलेली होती, तिकडे जाऊन बसलो. तिथे आप्पा भेटले.

आप्पा म्हणजे धुळ्याकडचे रिटायर्ड एष्टी कंडक्टर. पांढरी टोपी, मांडीवर पिशवी, पिशवीत स्वतःचा थर्मास (माझी पाण्याची बाटली गेटवर काढून घेतली, यांचा थर्मास कसा आत आला विचारायचं राहून गेलं). त्यांची अहिराणी मला जशीच्या तशी लिहिता येणार नाही, आमच्या जळगावकडची बोली वेगळी, तेव्हा चुकलं तर धुळेकरांनी सांभाळून घ्यावं.

"बठा भाऊ बठा," त्यांनी सरकून जागा दिली. "कव्हय रिटायर व्हयनात?"

मी म्हटलं, मी रिटायर नाही.

"मंग व्हीआरएस?"

म्हटलं नाही हो, नोकरी चालू आहे. त्यांनी समजूतदार मान हलवली, म्हणजे माणूस घरी सांगत नसेल तर आपण कशाला बोला अशी, आणि समोर बोट दाखवलं. माझी बायको दोन्ही पोरांना घेऊन उसाचा रस पीत होती.

"सून शे का ती? नी नातवंडं?"

इथे मी चिडलो. सगळं सांगितलं. सिस्टिम, ऑप्शन, अडीचशे रुपये, सगळं. आप्पांनी शांतपणे ऐकलं, थर्मासच्या झाकणात मला अर्धा चहा दिला आणि विचारलं, "तुम्हनं वय कितलं शे?"

"अठ्ठेचाळीस."

"आधारवर का आंगवर?"

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. चौतीस वर्षं त्यांनी तिकिटं फाडली. एष्टीत पाच ते बारा वर्षांच्या पोराला अर्धं तिकीट, आणि महाराष्ट्रातली प्रत्येक माउली आपल्या तेरा वर्षांच्या पोराला पायजमा वर ओढून मांडीवर घेते आणि म्हणते "अकरावं चालू हाये." आप्पा आईचं ऐकायचे नाहीत. ते पोराचा गुडघा बघायचे. गुडघा खोटं बोलत नाही. म्हाताऱ्यांचं उलट, तिथे मान बघायची. साठीचा माणूस मान वळवत नाही, आख्खा वळतो. "आते तुम्ही मांगे देखं ते कसं देखं?" मी मगाशी बायकोकडे पाहताना आख्खा वळलो होतो. माझी मान त्या आठवड्यात धरली होती, उशीमुळे, पण हे कोणाला सांगणार.

सवलतींचं त्यांना सगळं पाठ. रेल्वेची सवलत पुरुषांना साठाव्या वर्षी चाळीस टक्के होती, मार्च २०२० मध्ये करोनात बंद केली ती आजपर्यंत दिली नाही, याचा त्यांना मनापासून राग. एष्टीनं मात्र माणुसकी ठेवली, पासष्टपासून अर्धं, पंच्याहत्तरला तर फुकट, आणि २०२३ पासून सगळ्या बायांना अर्धं. या फुकटापायी लोक आधारवरचं वय वाढवून आणतात, कालपर्यंत मोटारसायकल उडवणारा माणूस सोमवारी पंच्याहत्तरचा होऊन खिडकीशी बसतो. "पन कमी करी लेनारा," आप्पा माझ्याकडे कौतुकाने पाहत म्हणाले, "तुम्ही पहिलाच देखात."

मी रागारागाने मोबाइल काढला आणि आधार दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून वाचलं. ०१/०६/१९७७. आणि मांडीवर अशी थाप मारली की शेजारच्या बाकावरचे दोन पिवळे दचकले.

"एक जून!"

आता इथे माझी बाजूच संपली. आपल्याकडे एक जून ही जन्मतारीख नसते, ती मास्तरांनी लावलेली तारीख असते. पोरगं शाळेत आणलं, बापाला तारीख माहीत नाही, मास्तरांनी हिशोबाला सोपी म्हणून एक जून टाकली. आप्पा म्हणाले आमच्या डेपोत ३१ मेला निम्मा डेपो रिटायर व्हायचा, हार कमी पडायचे, एकच हार गळ्यातून काढून दुसऱ्याच्या गळ्यात घालायचे. मास्तर तारीख लावतो तर वर्ष लावणार नाही कशावरून?

तेवढ्यात आई आली. तिला कोणीतरी जात्यावर बसवून फोटोसाठी दळायला लावलं होतं, तिने चार फेरे दिले आणि "सातशे रुपये देऊन यांचंच दळण दळू का मी" म्हणत उठून आली होती. आप्पांनी विचारलं, "मोठी बहीण का?" आई खूश. मी म्हटलं आई, यांना सांग मी कधी झालो.

आईने बराच विचार केला. "बहात्तरचा दुष्काळ," ती म्हणाली. "खडी फोडायला जात होते मी. खायला सुकडी मिळायची. तेव्हा पोटात होतं."

"ती ताई गं! मी नंतर."

"ताई होती का? ताईच्या वेळी मला उलट्या नव्हत्या. तिथं तर उलट्या होत होत्या."

मी पंचेचाळीस मिनिटं तिच्याशी वाद घातला. मला पोळ्याला बारसं झालं हे तिला आठवतं, कोणत्या सालचा पोळा ते नाही. तांबडी गाय आठवते. बाबांनी आणलेलं निळं लुगडं आठवतं. आप्पा पिशवीतून पेन काढून जुन्या तिकिटाच्या मागे हिशोब करत होते, दुष्काळ धरला तर चार वर्षं वाढतात, उलट्या धरल्या तर पाच. गंमत म्हणून चाललं होतं सगळं, पण खरं सांगतो, पोटात कुठेतरी कालवलं. बाबा असते तर त्यांना नक्की सांगता आलं असतं, ते वहीत लिहायचे. ती वही घर बदलताना मीच रद्दीत दिली.

जेवायला भरीत होतं. जांभळ्या वांग्यांचं, गॅसवर भाजलेलं. काड्यांच्या जाळाचा वास नाही, नुसतं तेल. जळगावात बसून हे खायचं? आमचं भरिताचं वांगं हिरवं, पांढऱ्या रेघांचं, बियाच नसल्यासारखं, त्याला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालंय. म्हणजे वांगं कुठलं, कुठल्या मातीतलं, सगळं सरकारदरबारी पक्कं आहे. वांग्याचं. वाढणाऱ्याने पट्टी बघून मला विचारलं, "आजोबा, मिरचीचं चालेल ना, का बिनतिखट देऊ?" मी हट्टाने ठेचा दुप्पट घेतला आणि रात्री त्याची जी काही किंमत मोजली ती मोजली.

निघताना आप्पांनी गेटपर्यंत सोबत केली. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, पासष्ट झाले की लगेच एष्टीचं कार्ड काढा, लोक आळस करतात.

घरी येईपर्यंत मी गाडीत बोललो नाही. बायको मागच्या सीटवर बसून मोबाइलवर हिशोब करत होती. जळगाव आल्यावर म्हणाली, "होळीच्या आधी परत जाऊ या. आईंचं आधार मी पर्समध्ये ठेवते, त्यांचे अडीचशे वाचतील. तुम्ही काही आणू नका."

आणि थोडं थांबून, "दाढी मात्र दोन दिवस करू नका."